मारिसा पारेदेस यांची तीस वर्षे एका ओळीत कशी मावतील?

एरंडवणेकर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या एरंडवण्यातील वाचनमंडळात दर महिन्याला एक सदस्य आपल्या आवडीच्या कलावंताविषयी पाऊण तास बोलतो. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी स्पॅनिश चित्रपट अभिनेत्री मारिसा पारेदेस यांची निवड केली आहे. मंडळातील बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. नाटके पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे, मात्र स्पॅनिश चित्रपट त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही.

निवडीचे कारण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात मी स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार यांचा ‘तोदो सोब्रे मि माद्रे’, म्हणजे ‘माझ्या आईविषयी सर्व काही’, हा १९९९ चा चित्रपट पाहिला. त्यात एक मोठी रंगभूमीवरची नटी आहे. प्रयोग संपल्यावर ती टॅक्सीत बसते, आणि आपला सतरावा वाढदिवस साजरा करणारा एक मुलगा तिच्या सहीसाठी भर पावसात त्या टॅक्सीमागे धावतो व दुसऱ्या गाडीखाली सापडून मरतो. ओल्या काचेआडून त्या मुलाकडे पाहणारा तिचा चेहरा माझ्या मनातून आजवर गेलेला नाही. त्या चेहऱ्यावर तुसडेपणा नाही आणि माया म्हणावी तर तीही नाही. दिवसभराचे काम संपवून थकलेल्या बाईचा तो चेहरा आहे. ती भूमिका मारिसा पारेदेस यांनी केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्याची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो पाऊसच आठवला.

आता अडचण अशी आहे की मला जे चरित्रपर लेख मिळाले त्या सर्वांची घडण एकसारखी आहे. जन्म १९४६ चा, पहिला चित्रपट १९६० चा, आणि लगेच पुढच्या वाक्यात आल्मोदोवार यांच्या १९९१ च्या चित्रपटामुळे मिळालेली कीर्ती. मधली तीस वर्षे एका ओळीत गुंडाळलेली. पंचेचाळिसाव्या वर्षी एखादी स्त्री अचानक मोठी अभिनेत्री होत नाही, असे मला मनापासून वाटते. मग त्या तीस वर्षांत त्यांनी काय केले, आणि त्यांची ओळख इतकी उशिरा का झाली, हे जाणकारांनी सांगावे. आमच्या मंडळातील श्रोत्यांना दाखवण्याजोगा एखादा प्रसंग कोणता, तेही सुचवावे. नावांचे उच्चारही कृपया तपासून द्यावेत, कारण चुकीचे नाव घेऊन एखाद्याविषयी आदराने बोलता येत नाही.

मीमांसा

नमस्कार ताई. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे उच्चारांपासून सुरुवात करते. ‘मारिसा पारेदेस’ हे आपण बरोबर लिहिले आहे. आघात ‘रे’वर द्यावा. पूर्ण नाव मारिया लुइसा पारेदेस बार्तोलोमे. ‘पारेदेस’ या शब्दाचा अर्थ ‘भिंती’ असा होतो. आपण ज्या नटीचा उल्लेख केला तिचे चित्रपटातील नाव ऊमा (Huma) रोखो आहे. स्पॅनिशमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, म्हणून आपल्या कानाला ते सरळ ‘उमा’ असे ऐकू येते. ‘ऊमो’ म्हणजे धूर. ही नटी तरुणपणी हॉलिवूडची अभिनेत्री बेटी डेव्हिससारखे दिसावे म्हणून सिगारेट ओढू लागली आणि तिने नावही धुरावरूनच घेतले. आपल्या आयुष्यात धुराखेरीज काहीच नव्हते, असे ती एका ठिकाणी सांगते.

आता मुख्य गोष्ट. मारिसा पारेदेस यांचा जन्म ३ एप्रिल १९४६ रोजी माद्रिदमध्ये, प्लाथा दे सांता आना या चौकात झाला. वडील बिअरच्या कारखान्यात कामगार होते आणि आई त्या चौकातील एका इमारतीची ‘पोर्तेरा’ होती. या शब्दासाठी ‘पहारेकरीण’ किंवा ‘रखवालदारीण’ असे शब्द सुचतील, परंतु पुण्यातील वाचकांना ‘देवडी’ हा शब्द सांगितला की चित्र चटकन उभे राहील. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यालगत जशी देवडी असते, तशी माद्रिदच्या जुन्या इमारतींमध्ये तळमजल्यावर दाराशी एक लहानशी जागा असते. पोर्तेरा कुटुंबासह तेथेच राहते, जिने झाडते, टपाल घेते, किल्ल्या सांभाळते आणि वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांमध्ये कोण आले आणि कोण गेले हे तिला ठाऊक असते.

त्याच चौकात तेआत्रो एस्पान्योल हे माद्रिदचे मानाचे नाट्यगृह उभे आहे. त्या जागेवर १५८३ पासून नाटके होत आली आहेत. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्का यांच्या ‘येर्मा’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९३४ च्या डिसेंबरात तेथेच झाला. देवडीतल्या मुलीच्या डोळ्यांसमोर रोज ते नाट्यगृह होते. स्पेनमधील यादवी युद्ध संपून तेव्हा काहीच वर्षे झाली होती, हुकूमशहा फ्रांकोची राजवट होती, आणि कामगाराच्या मुलीने नटी होणे ही घरात सहज मान्य होणारी गोष्ट नव्हती.

आपण विचारलेल्या तीस वर्षांविषयी नाटकाच्या क्षेत्रातील कोणी अधिक नेमके लिहू शकेल. मी एवढेच सुचवते की आपल्या भाषणाचा आरंभ १९९१ पासून न करता त्या देवडीपासून करावा.

तिसरी घंटा

एरंडवणेकर ताई, आपला प्रश्न फार योग्य आहे. मी हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर चाळीस वर्षे काम केले आहे, म्हणून या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

चित्रपटातील पहिले पाऊल त्यांनी १९६० मध्ये, चौदाव्या वर्षी, एका पोलीसपटात अगदी लहान भूमिकेत टाकले. रंगभूमीवर त्या १९६१ मध्ये कोंचिता मोंतेस यांच्या नाटकमंडळीतून आल्या. आपल्याकडे पानशेतचे धरण फुटले ते हेच वर्ष. माझ्या पिढीतील पुणेकरांना १९६१ म्हटले की काळाचे अंतर बरोबर कळते. तेथून पुढे त्यांचे खरे घर रंगमंच हेच राहिले, आणि रंगमंचाच्या जोडीला आला दूरचित्रवाणीचा स्टुडिओ.

स्पॅनिश दूरचित्रवाणीवर १९६५ पासून ‘एस्तुदिओ उनो’ नावाची मालिका सुरू झाली. मालिका म्हणजे रोज चालणारी कथा नव्हे. प्रत्येक भागात एक संपूर्ण नाटक, स्टुडिओत उभे करून, कॅमेऱ्यांसमोर सादर केलेले. स्पॅनिश सुवर्णयुगातील नाटके, शेक्सपिअर, चेकॉव्ह, इब्सेन असे सारे त्यातून घरोघरी पोहोचले. ज्या गावात नाट्यगृहच नव्हते तेथील लोकांनी आयुष्यातील पहिले नाटक याच पडद्यावर पाहिले. मारिसा पारेदेस या मालिकेत वारंवार दिसत. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि तेथील नाटकांनी ज्यांना घडवले अशा कलावंतांना आपण ओळखतो. स्टुडिओतील नाटकात नटाला दोन शिस्ती एकाच वेळी पाळाव्या लागतात. संवाद नाटकाचे, म्हणजे लांब आणि श्वासाचा कस पाहणारे. चेहरा मात्र कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे रंगमंचावर चालणारी ठळक मुद्रा येथे खोटी दिसते. मोठा संवाद लहान चेहऱ्याने बोलण्याची ही सवय एकदा अंगी मुरली की ती जात नाही. ‘तोदो सोब्रे मि माद्रे’ मध्ये त्या टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकातील ब्लांश साकारताना दिसतात तेव्हा त्या रंगमंचावरच्या असतात, आणि रंगपटात आल्यावर आरशासमोर बसून बोलतात तेव्हा त्या चित्रपटातल्या असतात. एकाच बाईची ही दोन रूपे वेगळी ठेवणे ज्यांना साधते त्यांनी ते कुठेतरी वर्षानुवर्षे गिरवलेले असते.

मग चित्रपटात त्यांना जागा का मिळाली नाही? साठच्या दशकातील स्पॅनिश चित्रपटात स्त्रीला ज्या जागा होत्या त्या पाहाव्यात. ज्या १९६० मध्ये पारेदेस पहिल्यांदा पडद्यावर आल्या त्याच वर्षी मारिसोल नावाची गाणारी, सोनेरी केसांची बालतारका पडद्यावर आली आणि सारा देश तिच्यामागे वेडा झाला. गोड मुलगी, सोशीक पत्नी, विनोदी मोलकरीण आणि समुद्रकिनाऱ्यावर आलेली परदेशी पर्यटक स्त्री, एवढ्यात बहुतेक भूमिका आटपत. मनात एक आणि ओठांवर दुसरे असलेली, चुकलेली, महत्त्वाकांक्षी, चाळिशी ओलांडलेली स्त्री सेन्सॉरच्या काळात लिहिलीच जात नव्हती. फ्रांको १९७५ च्या नोव्हेंबरात मरण पावला आणि चित्रपटांवरील सेन्सॉरशिप १९७७ मध्ये गेली. तोवर पारेदेस एकतीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांना उशीर झाला असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांना उशीर झाला.

ध्वनिरेखा

तिसरी घंटा सरांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. मी ध्वनिमुद्रणाचे काम करते, म्हणून मला या अभिनेत्रीचे पहिले स्मरण चेहऱ्याचे होत नाही, आवाजाचे होते.

फ्रांकोच्या काळात १९४१ च्या आदेशानुसार परदेशी चित्रपट स्पॅनिश भाषेतच दाखवणे सक्तीचे झाले. त्यामुळे डबिंगचा मोठा उद्योग तेथे उभा राहिला आणि देशी चित्रपटांतील संवादही पुष्कळदा चित्रीकरणानंतर स्टुडिओत बोलले जाऊ लागले. आपल्याकडील हिंदी चित्रपटही दीर्घकाळ असेच तयार होत. या पद्धतीत नटाचा आवाज त्याच्या शरीरापासून सुटतो; काही वेळा तो आवाज त्याचा स्वतःचाही नसतो. दूरचित्रवाणीच्या नाटकात मात्र कॅमेरा चालू असताना जे बोलले जाई तेच प्रेक्षकांना ऐकू येई. मारिसा पारेदेस यांचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, वाक्याच्या अखेरीस हवेत विरत जाणारा होता. असा आवाज डबिंगच्या खोलीत नंतर पुन्हा निर्माण करता येत नाही, कारण त्यातले निम्मे काम श्वास करतो. स्पॅनिश चित्रपटांत चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत रुळली आणि त्यानंतरच त्यांचे महत्त्व वाढले, हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हे माझे मत आहे, पण मी ते विचारपूर्वक मांडते आहे.

ताई, आपल्या श्रोत्यांना दाखवण्यासाठी मी १९९१ च्या ‘ताकोनेस लेखानोस’ मधील गाण्याचा प्रसंग सुचवीन. शीर्षकाचा अर्थ ‘दूरवरचे टाचांचे आवाज’. त्यात पारेदेस यांनी बेकी देल पारामो ही नामवंत गायिका साकारली आहे. ती पंधरा वर्षे मेक्सिकोत राहून माद्रिदला परतते. तिची मुलगी रेबेका, म्हणजे विक्तोरिया आब्रिल, दूरचित्रवाणीवर बातम्या सांगते आणि आईच्या सावलीत वाढल्याचे ओझे आयुष्यभर वाहते. मुलीने लग्न केलेला माणूस एकेकाळी आईचा प्रियकर होता. त्या माणसाचा खून होतो आणि रेबेका बातम्या सांगता सांगता थेट प्रक्षेपणातच गुन्ह्याची कबुली देते. ती तुरुंगात असताना आई रंगमंचावर पुनरागमन करते. प्रेक्षकांच्या टाळ्यांमध्ये बेकी गुडघ्यांवर बसून रंगमंचाच्या फळ्यांचे चुंबन घेते आणि लाकडावर तिच्या ओठांचा लाल ठसा उमटतो. मग ती आगुस्तिन लारा यांचे ‘पिएन्सा एन मि’ हे गाणे गाते, आणि गाता गाता तिच्या डोळ्यांतला एक थेंब त्या ठशावर पडतो.

तो गाण्याचा आवाज पारेदेस यांचा नाही. तो लुथ कासाल या गायिकेचा आहे. आपल्या श्रोत्यांना यात काहीच नवल वाटणार नाही, कारण पार्श्वगायन आपल्या रक्तात आहे. परंतु त्यांना एक गोष्ट मुद्दाम पाहायला सांगावी. ओठ जुळवणे तुलनेने सोपे असते. श्वास जुळवणे अवघड. पारेदेस दुसऱ्या स्त्रीच्या गळ्यातून निघालेल्या प्रत्येक ओळीपूर्वी स्वतः श्वास घेतात, त्यांची मान आणि गळपट्टीची हाडे हलतात, आणि ओळ संपते तेव्हा फुप्फुसे रिकामी झालेली दिसतात. मी हा प्रसंग कितीदा तरी आवाज बंद करूनही पाहिला आहे.

मीमांसा

ध्वनिरेखा, फार सुंदर लिहिलेत. याच चित्रपटाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली होती. बेकी मूळची देवडीतली मुलगी आहे. तिचे आईवडील पोर्तेरो होते, आणि परतल्यावर ती रस्त्याच्या पातळीखालच्या त्याच जुन्या घरात राहायला जाते. अखेरीस ती तेथेच अंथरुणाला खिळते. त्या घराच्या उंचावरच्या खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, आणि मुलगी आईला सांगते की लहानपणी रात्री आईच्या टाचांचा आवाज दूर गेल्याशिवाय तिला झोप येत नसे. पोर्तेराच्या मुलीने पोर्तेराच्या मुलीची भूमिका करणे, आणि तीही आपल्याच शहरात, हे मनात ठेवून तो शेवट पाहिला तर पारेदेस तेथे इतक्या कमी हालचाली का करतात ते उमगते.

पर्वती पायथा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तरीही मला एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायचा आहे. आपण सारे तीस वर्षांच्या तयारीविषयी लिहीत आहात, परंतु आल्मोदोवार नसते तर ही तयारी आपल्यापर्यंत पोहोचली असती का? माद्रिदच्या रंगभूमीवर त्यांच्याइतक्याच तयारीच्या इतरही अभिनेत्री असतील, आणि त्यांची नावे पुण्यात बसून आपण कधीही घेणार नाही. दिग्दर्शकाचे ऋण कमी लेखू नये असे मला वाटते. त्यांनी पारेदेस यांना सहा चित्रपटांत घेतले. १९८३ च्या ‘एन्त्रे तिनिएब्लास’ मध्ये त्या एका विलक्षण मठातील जोगीण होत्या. तेथे जोगिणींनी नम्रता शिकावी म्हणून स्वतःला हीन नावे घेतलेली असतात आणि पारेदेस यांच्या पात्राचे नाव चक्क ‘शेणखत’ असे आहे. त्यानंतर ‘ताकोनेस लेखानोस’, १९९५ चा ‘ला फ्लोर दे मि सेक्रेतो’, १९९९ चा ‘तोदो सोब्रे मि माद्रे’, २००२ च्या ‘आब्ले कोन एया’ मधील ओझरते दर्शन आणि २०११ चा ‘ला पिएल के आबितो’.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वोत्तम काम ‘ला फ्लोर दे मि सेक्रेतो’ मध्ये आहे. लेओ ही टोपणनावाने गोडगोड प्रेमकादंबऱ्या लिहिणारी लेखिका. नवरा लष्करी अधिकारी, बॉस्नियातील शांतता मोहिमेवर, आणि तिच्यापासून मनाने त्याहूनही दूर गेलेला. आरंभीच तिने त्याने दिलेले घट्ट बूट घातलेले असतात आणि ते एकटीला काढता येत नाहीत, म्हणून ती शहरभर मदत करणारे माणूस शोधत फिरते. एवढ्या साध्या गोष्टीतून लग्नाची सारी कथा आपल्यासमोर येते. ती भूमिका एका दिग्दर्शकाने एका अभिनेत्रीवर टाकलेल्या विश्वासाचे फळ आहे, आणि हे सांगितल्यावाचून चरित्र पूर्ण होणार नाही.

तिसरी घंटा

आपला आक्षेप मला मान्य आहे आणि अर्धा अमान्यही आहे. ऋण आहेच. परंतु आल्मोदोवार यांच्याही आधी, किंवा त्यांच्या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, त्यांनी जे केले ते वगळता येत नाही. फेर्नांदो त्रुएबा यांच्या १९८० च्या ‘ओपेरा प्रिमा’ मध्ये त्या होत्या. आगुस्ती बियारोंगा यांच्या १९८६ च्या ‘त्रास एल क्रिस्ताल’ मध्ये त्यांनी कृत्रिम श्वसनयंत्रात पडून असलेल्या माजी नाझी डॉक्टरच्या पत्नीचे काम केले. तो चित्रपट अत्यंत भयंकर आहे, त्यात मुलांवरील अत्याचार आहेत, म्हणून ताई, तो मंडळात दाखवण्याचा विचारही करू नये. परंतु चाळिसाव्या वर्षी अशी भूमिका स्वीकारणाऱ्या अभिनेत्रीची हिंमत लक्षात घ्यावी. १९८७ च्या ‘कारा दे आसेल्गा’ साठी त्यांना गोया या स्पॅनिश चित्रपट पुरस्काराचे साहाय्यक अभिनेत्रीसाठीचे नामांकन मिळाले, तेव्हा ‘ताकोनेस लेखानोस’ यायला चार वर्षे होती.

१९९१ नंतर मात्र दारे उघडली, आणि ती आल्मोदोवार यांच्यामुळे उघडली हे खरे. आत गेल्यावर त्यांनी जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. १९९६ मध्ये राउल रुइथ यांच्या चित्रपटात त्या मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. १९९७ मध्ये रोबेर्तो बेनिन्यी यांच्या ऑस्करविजेत्या इटालियन चित्रपटात नायिकेच्या आईची छोटी भूमिका केली. मेक्सिकन दिग्दर्शक आर्तुरो रिपस्तेइन यांनी गार्सिया मार्केस यांच्या कर्नलच्या कथेवर १९९९ मध्ये चित्रपट केला, त्यात कर्नलची पत्नी त्या होत्या. मार्केस यांची ती लघुकादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना ती दम्याने गांजलेली, घरातली शेवटची वस्तू विकायला निघालेली बाई आठवत असेल. गियेर्मो देल तोरो यांच्या २००१ च्या ‘एल एस्पिनाथो देल दियाब्लो’ मध्ये यादवी युद्धाच्या काळातील एका अनाथाश्रमाची लाकडी पायाची मुख्याध्यापिका त्यांनी केली. तेथे त्या जिना चढतात तेव्हा प्रत्येक पायरीचा हिशेब चेहऱ्यावर दिसतो.

आणि त्या रंगभूमीवर परतल्याही. २००६ मध्ये युइस पास्क्वाल यांच्या ‘हॅम्लेट’ मध्ये गर्ट्रूड, आणि २००८ मध्ये इंगमार बर्गमन यांच्या ‘ऑटम सोनाटा’ च्या नाट्यरूपात पियानोवादक आई. आता गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ‘ताकोनेस लेखानोस’ मध्ये रेबेका आपल्या आईला बर्गमन यांच्या त्याच चित्रपटातील प्रसंग सांगून स्वतःचे दुःख समजावते. सतरा वर्षांनी मारिसा पारेदेस यांनी ती आई प्रत्यक्ष रंगमंचावर साकारली.

कर्वेनगर वाचक

एका बाजूचा उल्लेख अजून झालेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मारिसा पारेदेस २००० ते २००३ या काळात स्पॅनिश चित्रपट अकादमीच्या अध्यक्ष होत्या. फेब्रुवारी २००३ च्या गोया पुरस्कार सोहळ्यात, इराकवर हल्ला होण्याच्या काही आठवडे आधी, अनेक कलावंत ‘युद्ध नको’ अशी पट्टी कपड्यांवर लावून मंचावर आले. स्पेनच्या तत्कालीन सरकारचा युद्धाला पाठिंबा होता, त्यामुळे त्यावर मोठे काहूर माजले. अध्यक्ष या नात्याने गप्प बसण्याची पूर्ण सोय असतानाही त्यांनी आपल्या भाषणात सांगितले की संस्कृतीची आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची भीती बाळगू नये; भीती बाळगायची तर ती अज्ञानाची, कट्टरतेची आणि युद्धाची बाळगावी. सेन्सॉरच्या काळात उमेदीची वर्षे काढलेल्या अभिनेत्रीच्या तोंडी त्या वाक्यांना जे वजन होते ते इतर कोणाच्या तोंडी आले नसते. पुरस्कारांविषयी म्हणाल तर १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार आणि २०१८ मध्ये सन्माननीय गोया मिळाला. स्पर्धेतील गोया मात्र एकदाही मिळाला नाही. त्यांची कन्या मारिया इसासी याही अभिनेत्री आहेत.

एरंडवणेकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका प्रश्नाला इतक्या आपुलकीने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. पर्वती पायथा यांचा आक्षेपही मी भाषणात मांडणार आहे, कारण ऋण मान्य केल्याने अभिनेत्री लहान होत नाही.

काल रात्री ‘ताकोनेस लेखानोस’ पुन्हा पाहिला. ध्वनिरेखा यांनी सांगितल्याप्रमाणे गाण्याचा प्रसंग एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून पाहिला. दुसऱ्या वेळी मला त्यांचा श्वास दिसला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मंडळातही मी हा प्रसंग याच क्रमाने दोनदा दाखवणार आहे. त्यानंतर रस्त्याखालच्या घरातील खिडकीचा भाग दाखवीन. आमच्या मंडळातील एका सदस्येचे बालपण सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या देवडीत गेले आहे. मी त्यांना फोन करून मीमांसा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, पायांवरून आम्हाला माणसं ओळखता यायची. वर कोण गेलं ते आई न पाहता सांगायची.” त्यांनी हे मंडळात स्वतः सांगायचे कबूल केले आहे.

भाषणाचा आरंभ प्लाथा दे सांता आनापासून करीन. १७ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या माद्रिदमध्येच गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनासाठी त्यांचा देह तेआत्रो एस्पान्योलमध्ये ठेवण्यात आला, हे वाचले तेव्हा शेवट कुठे करायचा हेही ठरले. ज्या देवडीत त्या जन्मल्या तेथून ते नाट्यगृह काही पावलांवर आहे. त्या दिवशी चौकात रांग लागली होती.

मीमांसा, एक विनंती आहे. आपल्याला शक्य असेल तर त्या शनिवारी यावे आणि चित्रपटांची नावे आपल्या उच्चारात आमच्या श्रोत्यांना ऐकवावीत. वेळ सायंकाळी पाचची आहे; पत्ता निरोपातून कळवते.